संहितेविना रंगमंच: अमेरिकी महाविद्यालयांतील उत्स्फूर्त विनोदाचा विस्तार

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आज उत्स्फूर्त विनोदी नाट्य, अर्थात ‘इम्प्रॉव्ह’, सादर करणारे विद्यार्थ्यांचे चमू आहेत. प्रेक्षकाने सुचवलेल्या एखाद्या शब्दावरून, हाती संहिता नसताना, ते प्रसंग उभा करतात. करोना साथीनंतर मात्र या चमूंकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. या कलेचा व्यावसायिक आधारच त्या काळात डळमळीत झाला.

या कलेचे मूळ शिक्षणात आहे. व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसाठी नाट्यखेळ विकसित केले. त्यांचे पुत्र पॉल सिल्स आणि डेव्हिड शेफर्ड यांनी १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या परिसरात ‘कंपास प्लेयर्स’ सुरू केले. त्याच परंपरेतून १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ उभी राहिली. येल विद्यापीठात १९८५ मध्ये ‘पर्पल क्रेयॉन’ हा चमू स्थापन झाला. ‘हूज लाइन इज इट एनीवे’ हा ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रम १९९८ मध्ये अमेरिकी रूपात आला आणि हा प्रकार घरोघरी पोहोचला.

विस्तारामागे अर्थकारणही आहे. नेपथ्य, वेशभूषा, लेखकाचे मानधन यांपैकी कशाचीच गरज नसते. रिकामी वर्गखोली पुरते. २०२० मध्ये ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ने न्यूयॉर्कमधील रंगमंच बंद केला. शिकागोतील ‘आयओ’ही बंद पडले व २०२२ मध्ये पुन्हा उघडले. २०२१ मध्ये ‘सेकंड सिटी’ गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेली. भाड्याचा भार नसलेले विद्यार्थी चमू अशा धक्क्यांपासून तुलनेने सुरक्षित राहतात.

तथापि, ही सुरक्षितता सर्वांच्या वाट्याला येत नाही. प्रवेश निवड चाचणीतून मिळतो आणि त्याआधी महाविद्यालयाचे महागडे शुल्क परवडावे लागते. दरवर्षी अनुभवी सदस्य पदवी घेऊन बाहेर पडतात आणि चमूची घडी नव्याने बसवावी लागते. बाहेर त्यांच्यासाठी रंगमंच कमी असतील, तर महाविद्यालयीन विस्तार हा या कलेचा पाया ठरण्याऐवजी तिचा शेवटचा थांबा ठरू शकतो.

भारतासाठी यात वेगळा प्रश्न दडलेला आहे. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी महाविद्यालयीन रंगभूमी घडवली, ती लिखित एकांकिकेच्या बळावर. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत आहे. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जे नाट्य रंगमंचावरच जन्माला येते, त्याची संहिता आधी तपासणार कशी? उत्स्फूर्त विनोद येथे रुजायचा असेल, तर व्यवस्थेला कागदाऐवजी कलाकाराच्या विवेकावर विश्वास ठेवावा लागेल.