कफनीची हातचलाखी

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

नाशकास गोदेच्या काठीं बुधवारचा बाजार भरतो. अशा बाजारांत एखादा मदारी फाटका सदरा घालून डमरू वाजवूं लागला, म्हणजे आपण काय करतों? कडें करून उभे राहतों, हंसतों, 'हातचलाखी आहे रे!' असें शेजाऱ्यास सांगतों, आणि त्यानें थाळी फिरविली कीं काखेंत पिशवी मारून चालते होतों. आतां तोच मदारी आंघोळ करून, भगवी कफनी घालून, गळ्यांत रुद्राक्ष व कपाळीं भस्माचे पट्टे ओढून रामकुंडावर येऊन बसूं द्या. हात तोच, चलाखी तीच. पण रिकाम्या मुठींतून राख निघाली कीं आपण पायांतले जोडे काढतों, बायकामुलांचीं डोकीं त्याच्या पायांवर टेकवितों, आणि कांद्याच्या पट्टीचे पैसे त्याच्या झोळींत पडतात. मग जादू हातांत होती कीं कापडांत?

राखेचें गुपित पोरखेळाचें आहे. भस्म भाताच्या पेजेंत मळून त्याच्या लहान गोळ्या वाळवितात. एक गोळी आंगठ्याच्या बेचक्यांत धरली कीं तळहात उघडा दिसतो. बोटांनीं चुरडली कीं झाली विभूति! सैल बाहींत आणि उपरण्याच्या घडींत अशा वस्तु दडतात हें खरें, पण ती लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही कीं, भगवें दिसतांच आपली नजर खालीं जाते. मदाऱ्याच्या हाताकडे आपण डोळे फाडून पाहतों. बुवाच्या हाताकडे तसें पाहणें पाप वाटतें. नजर खालीं गेली, कीं चोराला अमावास्या मिळाली.

खेळ करणारे जादूगार हें वर्म पुरतें जाणतात. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३-१९७१) महाराजाचा पोशाख व तुरेदार फेटा घालून रंगमंचावर येत. संस्थान मात्र कोठेंच नव्हतें! चुंग लिंग सू नांवाचा 'चिनी' जादूगार विलायतेंत गाजला. प्रेक्षकांपुढें तो इंग्रजी बोलत नसे. सन १९१८ त लंडनमध्यें बंदुकीचा खेळ उलटून छातींत गोळी शिरली, तेव्हां त्याच्या तोंडून इंग्रजी निघाली. तो अमेरिकेचा विल्यम रॉबिन्सन होता! तरी ह्या लोकांस आम्ही ठक म्हणत नाहीं. त्यांनीं तिकिटाचे पैसे घेतले, नवस बोलविले नाहींत. आपल्या पुण्याचे जादूगार रघुवीर ह्यांचे पाय धुऊन तीर्थ कोण प्यालें?

जोतीराव फुल्यांनीं १८५५ त 'तृतीय रत्न' नाटक लिहिलें, तें ह्याच दुखण्यावर. गर्भार कुणबिणीस ग्रहांची भीति घालून जोशी तिचें घर धुऊन नेतो. तेव्हां सोंग सोंवळ्याचें होतें. आतां सोंग घेणारा भटच असतो असें नाहीं, आणि हें आपल्याच पत्रांत लिहावयास लाज कसली? आपल्याच जातींचे लोक कफनी चढवून आपल्यालाच नागवीत आहेत. 'आम्ही भटाची दक्षिणा बंद केली' अशी फुशारकी मारणारा घरीं बुवाच्या तसबिरीस उदबत्ती ओवाळतो!

सन २०१३ च्या ऑगस्टांत पुण्यास डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्कार दाखवून पैसा काढणें हा गुन्हा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. पण फिर्याद कोणी द्यावयाची? कफनीपुढें वांकलेली मान पोलीस ठाण्याची पायरी कशी चढणार?

म्हणून एवढें करा. पुढच्या बाजारीं मदाऱ्याच्या थाळींत दहा रुपये टाका. तो आपल्या खेळास खेळच म्हणतो. आणि बुवा भेटले तर त्यांस सांगा: महाराज, कफनी उतरवा, आमच्यासारखी बंडी घाला, साबणानें हात धुवा, आणि आतां काढा राख.