विश्लेषण : सडपातळ भारतीयांनाही मधुमेह का होतो? पुण्यातील संशोधन काय सांगते?

चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसालाच मधुमेह होतो, हा समज भारतात खरा ठरत नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत. त्यांत लठ्ठ नसलेलेही अनेक आहेत. असे का, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक सुमारे चार दशके घेत आहेत.

संशोधनाची सुरुवात कशी झाली?

ऑक्सफर्डमध्ये प्रशिक्षण घेऊन डॉ. याज्ञिक पुण्यात परतले. येथील रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा वयाने लहान होते, त्यांचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन) कमी होता. पोटाभोवती चरबी मात्र अधिक होती. त्याच काळात ब्रिटनमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर गर्भावस्थेतील कुपोषणाचा संबंध प्रौढपणीच्या हृदयविकार व मधुमेहाशी जोडत होते. या दोन धाग्यांतून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता पोषण अभ्यास सुरू झाला. स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली आणि पुढे मुलांचीही नोंद ठेवली गेली.

‘थिन-फॅट’ बाळ म्हणजे काय?

या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो भरले. पुण्यातील बाळांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत, पण शरीररचना चरबीप्रधान. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी हाच मुद्दा स्वतःच्या उदाहरणातून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हा फरकही लेखात प्रांजळपणे नोंदवला होता. तरी केवळ वजनकाट्यावर विसंबून भारतीयांचा धोका ओळखता येत नाही, हे त्यातून ठसले.

आईच्या आहारात नेमके काय कमी?

बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती उष्मांक घेतले यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्याशी अधिक दिसला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांतून मिळते; शाकाहारी घरांत दूधही बेताचेच असेल तर त्याची उणीव राहते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले.

मग फॉलिक ॲसिड बंद करायचे का?

नाही. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासाठी ते आवश्यक आहे. प्रश्न आहे तो बी-१२च्या उणिवेकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा. किशोरवयीन मुलामुलींना सरकारी कार्यक्रमात दर आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. तिच्यात बी-१२ नसते.

पुढे काय?

केवळ निरीक्षणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून २०१२ मध्ये याच अभ्यासातील किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देण्याची ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. तिचा परिणाम त्यांच्या पोटी आलेल्या बाळांवर तपासला जातो. त्या बाळांना पुढे मधुमेह टळला का, हे कळायला आणखी काही दशके लागतील.

दरम्यान, अभ्यासातील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी २९ टक्क्यांची रक्तशर्करा वाढलेली आढळली. वजन कमी करा, हा सल्ला यातील सडपातळ तरुणांच्या उपयोगाचा नाही. आज मधुमेह प्रतिबंधाचा भर तिशीनंतरच्या तपासणीवर आहे. पुण्याचे निष्कर्ष मात्र त्याआधीच्या टप्प्याकडे, आई होण्यापूर्वीच्या मुलीच्या ताटाकडे, लक्ष वेधतात.