साथीदारांची आठवण वहीत दिसावी

नोव्हेंबर महिना आला की विमानव्यवसायातील दोन माणसांची आठवण निघते. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे जे. आर. डी. टाटा यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९९५ रोजी, ईस्ट वेस्ट एअरलाइन्सचे प्रमुख थकियुद्दीन वाहिद यांची मुंबईत वांद्र्याला गोळ्या घालून हत्या झाली. एक पारशी, एक मुसलमान. एकाला दीर्घ आयुष्य व भारतरत्न मिळाले, दुसरा ऐन उमेदीत गेला. दोघांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. मालक गेल्यावर पेढीचे आणि पेढीतल्या माणसांचे काय होते, हे या दोन्ही आठवणींतून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे.

विमानांशी दिंडोरीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली आला. नाशिकच्या विमानतळाची प्रवासी इमारत आपल्याच तालुक्यात, जानोरीला आहे. तेथील मालवाहतूक केंद्रातून शेतमाल परदेशी जातो; ओझरहून शारजाला शेळ्यामेंढ्याही विमानाने गेल्या आहेत. द्राक्षाच्या धंद्यातले बागवान बांधव, खाटीक बांधव, वेल्डर, फिटर, मोटार मेकॅनिक या साऱ्यांची रोजी कुठे ना कुठे या वाहतुकीशी जोडलेली आहे. शिवाय ज्यांच्या घरातला एक तरी माणूस आखातात कमावून आला किंवा हजला जाऊन आला, त्यांना विमान कंपनी म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

वाहिद यांची झेप

वाहिद हे मूळ केरळचे. मुंबईत त्यांनी प्रवासाचा व परदेशी नोकरभरतीचा व्यवसाय उभा केला. आखातात जाणाऱ्या कामगाराचे तिकीट आणि कागदपत्रे करून देणारा माणूस पुढे स्वतःच विमाने उडवू लागला, ही साधी गोष्ट नव्हती. १९५३ साली विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर जवळजवळ चार दशके देशांतर्गत आकाश सरकारी कंपनीच्या ताब्यात होते. १९९२ च्या आरंभी ईस्ट वेस्टची बोइंग ७३७ विमाने उडू लागली. राष्ट्रीयीकरणानंतर देशभर सेवा देणारी ही पहिली खासगी कंपनी. त्या वेळी जुना कायदा अजून रद्दही झाला नव्हता; तो १९९४ साली झाला. तोवर खासगी विमानांना कागदोपत्री ‘एअर टॅक्सी’ म्हणूनच उडावे लागे. जेट, दमानिया, मोदीलुफ्त या कंपन्या नंतरच्या. वाट प्रथम वाहिद यांनी पाडली.

त्यांच्याविषयी व कंपनीविषयी तेव्हा नाना वावड्या उठल्या. त्यांत आम्ही शिरत नाही. व्यापाऱ्याने पाहावयाची गोष्ट निराळी आहे. वाहिद गेले आणि वर्ष पुरे होण्याआधी, १९९६ साली, कंपनीची विमाने जमिनीवर आली. विमाने भाड्याची, भाडे परकीय चलनातले, बाजारात स्पर्धा तीव्र. आणि कर्जदार, पुरवठादार, सरकार या साऱ्यांशी ज्याच्या शब्दावर व्यवहार चाले तो माणूसच गेलेला. वैमानिक, तंत्रज्ञ, हवाई सेविका, तिकीट खिडकीवरचे कारकून, सामान चढवणारे हमाल या सगळ्यांचे काम एका धक्क्यात संपले. मालकाचे नाव इतिहासात पहिला म्हणून राहिले. त्याच्याबरोबर पहिल्या दिवशी उभे राहिलेल्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

टाटांनी एक नाव विसरू दिले नाही

आता दुसरे उदाहरण पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर उतरले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ती टपाल तेथे थांबली नाही. ती पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेली नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाने. मुळात ही टपालसेवा सुरू करावी हा प्रस्तावच व्हिंटसेंट यांचा. सर दोराबजी टाटा राजी नव्हते. पीटरसन नावाच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले, तेव्हा पैसा मिळाला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. अशा दिवसांत खांद्याला खांदा लावणारा हा माणूस १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, विमानप्रवासातच मृत्यू पावला.

टाटांच्या हयातीत कंपनी कुठल्या कुठे गेली. १९४८ साली मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. पाहुण्यापुढे कमरेत लवणारा महाराजा १९४६ सालचा. त्यामागे बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव या चित्रकाराचा कुंचला होता. एका कारागिराच्या हाताने काढलेले चित्र अख्ख्या कंपनीची ओळख झाले, हे आपल्या पेंटर बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एवढे सारे झाले तरी विमानसेवेची मूळ कल्पना व्हिंटसेंट यांची, हे टाटा सांगत राहिले. जो माणूस हक्क सांगण्यासाठी मागे उरलेला नाही, त्याचे श्रेय त्याला देणे ही खरी इमानदारी.

फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर केले. तेव्हा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक अप्पुस्वामी यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. मोठ्या पदावरचा माणूस असे पाऊल केवळ पगारासाठी उचलत नाही. वर्षानुवर्षांच्या वागणुकीने जी जमा होते, ती ही पुंजी. आणि टाटा गेले म्हणून कंपनी बंद पडली नाही. नियम, हुद्दे, हिशेब, नोंदी यांवर ती उभी होती. पुढे ती तोट्यात गेली हे खरे, पण उभी राहिली. आणि २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांच्या घरी परत आली.

जे परतले नाहीत

विमानाच्या धंद्यात साथीदाराचा मृत्यू ही कल्पनेतली गोष्ट नसते. एअर इंडियाचे एक विमान १९५० साली आल्प्स पर्वतात मॉ ब्लां शिखरावर आदळले. १९६६ साली त्याच शिखरावर दुसरे आदळले. त्यात होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ रोजी दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात पडले आणि २१३ जण गेले. आखाताच्या वाटेवरचे विमान होते ते. १९८५ साली आयर्लंडजवळ ‘कनिष्क’ बॉम्बने उडवले गेले. भाभांचे नाव सर्वांना आठवते. पण या चार विमानांतले कर्मचारी किती? ८, ११, २३ आणि २२. म्हणजे एकूण ६४. ते प्रवासी नव्हते, कामावर होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, त्यातही कामावरचे १२ जण होते.

याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी इंडियन एअरलाइन्सच्या साथीने १९९० साली, इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर, ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानहून मुंबईला आणले. त्यात हजारो कारागीर होते. ज्यांनी त्यांना घरी आणले त्यांतलेही कित्येक आता हयात नसतील.

अहमदाबादच्या अपघातानंतर टाटांनी ५०० कोटी रुपयांचा न्यास स्थापन केला. आपल्यापाशी ५०० कोटी नाहीत. पण त्यामागचा विचार आपणास परवडणारा आहे. दुःख ओसरते आणि शोकसभा विसरली जाते. म्हणून देण्याची जबाबदारी कागदावर बांधून ठेवावयाची असते.

आपल्या पेढ्यांची स्थिती

आता दिंडोरी, वणी, मोहाडी, जानोरी येथील आपल्या दुकानांकडे, गाळ्यांकडे पाहू. बहुतेक धंदा एका माणसाच्या डोक्यात असतो. कोणाला किती उचल दिली, कोणत्या बागाइतदाराचे किती देणे, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे, भाच्याचा हिस्सा किती, हे सारे मालकाला तोंडपाठ. डायरीत चार आकडे, तेही त्यालाच कळणारे. बारा-पंधरा वर्षे भट्टीपाशी उभा राहिलेला हेल्पर सणासुदीला उचल घेतो, बाकीचे ‘मालकाकडे जमा’ म्हणून ठेवतो. मालक सचोटीचा असतो, म्हणून कोणाला भीती वाटत नाही.

आणि एक दिवस मालकाचा जनाजा उठतो. नमाजाआधी मुलगा किंवा भाऊ रीतीप्रमाणे पुकारतो की, मरहूमवर कोणाचे देणे असेल तर आम्हाला भेटावे. सफमध्ये तो हेल्परही उभा असतो. त्याच्याजवळ कागद नाही, साक्षीदार नाही, आणि अशा वेळी पैशाचा विषय काढावा कसा याची लाज असते. तो गप्प राहतो. वारस बेइमान नसतात. त्यांना माहीतच नसते. मय्यतवर देणे राहून जाते आणि कोणालाही कळत नाही.

आम्हाला असे वाटते की, हा मुद्दा केवळ धंद्याचा नाही. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, हा क्रम आपणास ठाऊक आहे. थकलेली मजुरी हेही कर्जच. कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही; उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, साक्षीदारांसह लिहून ठेवण्याविषयी ती आहे. ज्या समाजाला असा आदेश आहे, त्याच समाजाच्या दुकानांत वही नसावी, याचे आश्चर्य वाटते.

काय करता येईल

देशाचा कायदाही समजून घ्यावा. भागीदारी कायदा १९३२ सालचा, टाटांचे विमान उडाले त्याच वर्षीचा. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते, असे तो सांगतो. आपल्याकडे दोघा भावांची तोंडी भागीदारी असते. एक गेला की दुसऱ्याची पेढी कायद्याने विसर्जित, आणि मग भावाभावांची मुले वकिलाच्या दारात. एकट्याच्या नावावरच्या दुकानाचे तर वेगळे अस्तित्वच नसते. जीएसटीची नोंदणीही वारसाला नव्याने करावी लागते. बँकेतला नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, तो आपोआप मालक होत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. भागीदारी असेल तर करार लेखी करावा आणि एकाच्या मृत्यूनंतर पेढी कशी चालेल, त्याच्या वारसांना हिस्सा कसा मिळेल, हे त्यात लिहावे. प्रत्येक कामगाराच्या नावाचे पान वहीत असावे. कामावर आला ती तारीख, मजुरी, उचल, जमा रक्कम आणि घरच्या वारसाचे नाव त्यावर असावे. दर महिन्याला हिशेब वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा आणि त्याची एक प्रत त्याच्याजवळ राहू द्यावी. दहा किंवा अधिक कामगार असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते, आणि कामगाराचा मृत्यू झाल्यास पाच वर्षांच्या नोकरीची अट राहत नाही. वीस किंवा अधिक असतील तर भविष्यनिर्वाह निधी आहे. हंगामापुरती माणसे असली तरी पाळी संपताच हिशेब चुकता करावा. ही वही कुठे आहे हे मुलाला, भावाला आणि घरातल्या बाईमाणसालाही माहीत असावे.

कोणी म्हणेल, एवढे लिहीत बसलो तर विश्वास कुठे राहिला? आमचे म्हणणे उलट आहे. विश्वास मालकावर असतो आणि मालक कायमचा नसतो. लिहिलेला कागद मालकानंतरही बोलतो. वाहिद यांच्यासारखा धडाडीचा माणूस गेल्यावर कंपनी वर्षभरही टिकली नाही. आपल्या छोट्या दुकानाला चाळीसावाही काढणे कठीण जाते.

ज्या उस्तादांच्या हाताखाली आपण हातोडी धरायला शिकलो, ज्या साथीदारांनी आपल्याबरोबर रात्री जागून गाड्या भरल्या, त्यांतले अनेक आज कब्रस्तानात आहेत. त्यांच्यासाठी फातिहा पढावीच. पण त्यांची विधवा, त्यांची मुले याच गावात, याच मोहल्ल्यात आहेत. त्यांचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे काय, हे या महिन्यात प्रत्येकाने जुनी डायरी उघडून पाहावे. राहिले असेल तर जनाजाच्या पुकाराची वाट न पाहता स्वतः त्यांच्या दारी जाऊन ते पोहोचवावे.