दामोदर हॉल कामगारांचाच राहू द्या

मा. अध्यक्ष व विश्वस्त,
सोशल सर्व्हिस लीग, परळ, मुंबई

वणी तालुक्यातल्या राजूर कॉलरीहून हे पत्र लिहितो आहे. कोळशाच्या आणि चुनाभट्ट्यांच्या या गावाचा परळच्या दामोदर हॉलशी काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे, आणि तो जुना आहे.

9 मार्च 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तुमच्या सभागृहात सभा बोलावली. त्यातून 20 जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचं कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होतं. पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडे आलं. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. जानेवारी 1944 मध्ये खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणवस्त्यांत घरं, पाणी, दवाखाना हवा, तशी करमणूकही हवी, हे पुढे कायद्यात आलं. खाणीतल्या माणसाच्या या हक्कांची एक वाट परळच्या त्या सभेपासून निघते, असं मी मानतो.

1911 मध्ये ना. म. जोशींनी लीग काढली, 1922 मध्ये हॉल उभा राहिला. तो व्याख्यानांचा होता, सभांचा होता आणि बघता बघता कामगार रंगभूमीचा झाला. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार तोंडाला रंग लावून तिथे उभा राहिला. नमन, शक्ती-तुरा हे कोकणातले लोककलाप्रकार तिथे गाजले. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी कोकणातली मंडळं तिथल्या तारखा धरून होती.

2023 च्या अखेरीस तिथले प्रयोग थांबले. पुनर्विकासात नाट्यगृह मागे पडेल, लहान होईल, या भीतीने रंगकर्मी रस्त्यावर उतरले. पुनर्विकासात लीगच्या शाळेलाही जागा लागते, हे मला मान्य आहे. पण नाट्यगृहाचा बळी देऊन शाळा बांधणं लीगच्या परंपरेला शोभणार नाही.

आमच्या शेजारी झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडप पडतात आणि नाटकं रात्रभर चालतात. नाटक मंडपातही रंगतं. तालमीला, वाचनाला, युनियनच्या बैठकीला मात्र हक्काचं छप्पर लागतं, आणि असं छप्पर कामगारवस्तीत किती दुर्मीळ असतं ते आम्हाला विचारा.

म्हणून मागणी एवढीच: नवं नाट्यगृह आधीपेक्षा लहान नको. रंगमंच, विंगा, रंगपट यांचा आराखडा पडद्यामागच्या कामगारांना दाखवूनच पक्का करा. हौशी आणि कामगार मंडळांसाठी भाड्याचा वेगळा दर ठरवा, आणि तो करारात लिहा. तोंडी आश्वासनं पदाधिकारी बदलले की विरतात. सभांसाठीही तारखा राखून ठेवा. 1924 च्या सभेची नोंद दर्शनी भागात, ठळक मराठीत असू द्या.

हा आराखडा तारखेसह जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
राजूर कॉलरीतील एक हौशी रंगकर्मी