दोष शोरूमचा, शिक्षा बॅटरीला

नवी कोरी म्हणून घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या दाराच्या कडेला पुन्हा मारलेला रंग दिसावा, चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना बराच मागचा निघावा, कबूल केलेला घरचा चार्जर आठवडे उलटले तरी भिंतीवर लागू नये, आणि शोरूममधल्या ज्या माणसाने बुकिंगच्या वेळी रोज फोन केला त्यानेच आता फोन उचलू नये. असे झाल्यावर ग्राहक चिडला तर त्यात अतिरेक काही नाही. घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुतेक कुटुंबे हप्त्यांवर करतात. तिच्यात फसल्याची भावना वर्षानुवर्षे सलत राहते. पण या संतापातून हल्ली एक निष्कर्ष सर्रास काढला जातो: ‘इलेक्ट्रिकच्या नादी लागलो म्हणून ही पाळी आली, आता मुकाट्याने पेट्रोल.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि महागही आहे. त्यात दोन निराळे हिशेब एका वहीत मांडले जातात. सदोष गाडी गळ्यात मारली याचा जाब विक्रेत्याला विचारायचा, हा एक हिशेब. आपल्या घराला, रस्त्याला आणि खिशाला कोणती गाडी परवडते, हा दुसरा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला की नुकसान दोनदा होते.

नव्या गाडीबद्दलच्या तक्रारी नीट पाहिल्या तर त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचा विजेशी संबंधच नसतो. ओरखडे, रंगाचा टचअप, बॉनेटच्या दोन बाजूंना वेगवेगळी फट, यार्डात पावसाळा काढलेली गाडी, डेमोसाठी फिरवलेली गाडी नवी म्हणून देणे, पैसे घेऊन न बसवलेल्या ॲक्सेसरीज. हे सारे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांतही होत आले आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये त्या वर्षीच्या मॉडेलचे पैसे भरले आणि त्याला २००९ साली बनलेली, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली गाडी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरले की, कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी असतील आणि डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे दाखवता येत नसेल, तर ती जबाबदारी कंपनीवर टाकता येणार नाही. डीलर मात्र सुटला नाही. त्या प्रकरणात बॅटरी कुठेच नव्हती. ‘कंपनी मोठी आहे, ती बघून घेईल’ या भरवशावर डोळे मिटून सही करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल ध्यानात ठेवावा.

यावर आक्षेप असा येतो की, काही दोष खास इलेक्ट्रिक गाडीचेच असतात. हे मला मान्य आहे. सॉफ्टवेअर अडखळते, पडदा काळा पडतो, गाडी घरच्या प्लगवर चार्ज होते पण फास्ट चार्जरशी जुळत नाही, आणि सर्व्हिस सेंटरमधला तंत्रज्ञ कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसतो. हे दोष खरे आहेत आणि त्यांवर वेळही जातो. मात्र गाडी मुळीच सुरू न होण्यामागे पुष्कळदा मोठ्या बॅटरीऐवजी बारा व्होल्टची लहान बॅटरी असते, जी पेट्रोल गाडीतही असते आणि यार्डात महिनोन्‌महिने उभी राहून उतरते. उरलेल्या दोषांवरून एवढेच सिद्ध होते की बाजारात नुकतेच उतरलेले मॉडेल पहिल्या खेपेत घेऊ नये. नेक्सॉन ईव्ही २०२० च्या आरंभी आली. तेव्हापासून तिच्यातल्या खोडी काय, त्या कुठे दुरुस्त होतात, किती दिवस लागतात, हे आज चार मालकांना विचारून कळते. नव्या मॉडेलबद्दल ते विचारायला माणूसच नसतो. निराश ग्राहकाने पुढची गाडी निवडताना पडद्याची लांबी मोजू नये. मॉडेल किती दिवस रस्त्यावर आहे आणि जवळचे सर्व्हिस सेंटर उच्च दाबाच्या बॅटरीचे काम स्वतः करते की गाडी दुसऱ्या शहरात पाठवते, हे आधी विचारावे.

डिलिव्हरी फसते ती घाईत. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी एकेका शोरूममधून गाड्यांच्या रांगा बाहेर पडतात. आदल्या रात्री धुतलेली गाडी आवरणाखाली झाकलेली, समोर हार, पेढे, नारळ, आणि सगळे कुटुंब फोटोसाठी उभे. त्या गर्दीत दारांच्या फटी कोण तपासणार? शिवाय त्या वेळेपर्यंत पासिंग उरकलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४२ प्रमाणे तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय डीलरला गाडी ताब्यात देता येत नाही. पण नोंदणीपूर्वी ग्राहकाने ती यार्डात जाऊन पाहू नये, असे कोणताही नियम म्हणत नाही. एकदा गाडी आपल्या नावावर चढली की ती बाजाराच्या लेखी वापरलेली होते आणि डीलर ती सहजासहजी परत घेत नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी चासी क्रमांक कळावा, मग दिवसाउजेडी गाडी पाहावी, मग विमा, उरलेली रक्कम आणि पासिंग. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती डीलरच्याच जागेत साध्या आणि फास्ट अशा दोन्ही चार्जरवर लावून पाहावी, आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल छापून मागावा. मुहूर्त साधायचाच असेल तर तपासणी आठवडाभर आधी करावी. इतके करूनही दोष निघाला तर तक्रार लेखी करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडून करवून घेऊ शकतो.

आता दुसरा हिशेब. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा ५ टक्केच राहिला. त्यामुळे किमतीतली सवलत आटली आणि इलेक्ट्रिकची बाजू लंगडी पडली, असे म्हटले जाते. पहिले विधान खरे आहे. दुसरे खरे की खोटे, हे प्रत्येकाच्या महिन्याच्या किलोमीटरवर ठरते. लिटरला शंभराहून थोडा अधिक दर आणि शहरात पंधराचे मायलेज धरले तर पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये लागतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे घरच्या मीटरवर सुमारे दोन रुपये. समजा, दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक आहे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाला साठ हजारांची बचत होते आणि पाच वर्षांत फरक भरून निघतो. भाजी, शाळा आणि रविवारचे देऊळ एवढ्यासाठी महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याला त्याच फरकासाठी सोळा-सतरा वर्षे थांबावे लागेल. त्याने पेट्रोल किंवा सीएनजी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. सगळे चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर करणाऱ्याची बचतही बरीच घटते. म्हणून पुण्याच्या पेठांत किंवा दादरच्या जुन्या चाळीपाशी रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला मी आज इलेक्ट्रिक सुचवणार नाही. ज्याची पार्किंगची जागा ठरलेली आहे त्याची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, तिच्यामुळे चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. ‘सोसायटी परवानगी देत नाही’ हे रडगाणे कमिटीसमोर हा नियम ठेवल्यावरच गावे.

रेंजची भीतीही छापील आकड्यांनीच वाढवली आहे. प्रमाणित आकडा ठरीव चाचणीत निघतो. त्या चाचणीत खंबाटकी घाट नसतो आणि मे महिन्यातला एसीही नसतो. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीसाठी जाहीर आकडा ४८९ किलोमीटर आहे, तर प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० मिळतील, असे कंपनी स्वतःच सांगते. आपण त्याहून थोडे कमी धरून चालावे. तरी पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर आहे आणि पुणे-कोल्हापूर सव्वादोनशेच्या आसपास. महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाणाऱ्याला एवढी बॅटरी पुरते. दर आठवड्याला नागपूर गाठणाऱ्याला पुरणार नाही. वर्षातून दोनदा घडणाऱ्या लांब प्रवासासाठी रोजचा खर्च तिप्पट करणे मात्र हिशेबात बसत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मला पुनर्विक्रीचा वाटतो. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला काय भाव येईल, हे आज छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, आणि बॅटरीच्या आजीवन वॉरंटीच्या जाहिराती पहिल्या मालकापुरत्या असू शकतात, हे करारातले बारीक अक्षर वाचल्यावरच कळते. पण त्याचा परिणाम चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यावर होतो. आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्याचा फायदा चालवण्यात वसूल झालेला असतो. दर चार वर्षांनी नवी गाडी घेण्याची हौस असेल तर इलेक्ट्रिकपासून लांब राहावे.

शेवटी सरकारकडे एक मागणी आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक मोटारींना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी देऊ केली. जनतेच्या पैशाने ग्राहकाला शोरूमच्या दारापर्यंत आणायचे आणि आत त्याला डीलरच्या मर्जीवर सोडायचे, हे बरोबर नाही. सवलतीस पात्र गाडीची नोंदणी करताना उत्पादनाचा महिना, ओडोमीटरचे वाचन, बॅटरीचे आरोग्य आणि केलेल्या दुरुस्त्या यांचा डीलर व ग्राहक दोघांच्या सहीचा तपासणी-तक्ता परिवहन विभागाने सक्तीचा करावा. तक्त्यावर ग्राहकाची सही नसेल तर पासिंग होऊ नये.