कोपराचे दुखणे व शेतकऱ्याचा हात

‘टेनिस एल्बो’ हे नाव ऐकून पुष्कळ शेतकरी बंधूंस हसू येईल. ज्याने जन्मात टेनिसची रॅकेट हाती धरली नाही, त्यास हा विकार कसा व्हावा? १८८२ साली हेन्री मॉरिस या इंग्रज शल्यवैद्याने टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताचे हे दुखणे वर्णिले, म्हणून ते नाव रूढ झाले, इतकेच. वस्तुतः ज्या कामात मूठ वारंवार घट्ट आवळावी लागते, त्या प्रत्येक कामात ते जडू शकते. मनगट उचलून धरणारे स्नायू ज्या कंडरेने कोपराच्या बाहेरील हाडास जोडलेले असतात, ती कंडरा ताणाने झिजून दुबळी होते. चाळिशीच्या सुमारास हा विकार विशेष आढळतो. आणि नेमका त्याच वयात आपला हात सर्वांत अधिक राबत असतो.

प्रस्तुत लेखकास द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर याचा अनुभव आला. कात्री तर दूरच, पाण्याचा तांब्या उचलवेना, ओला पंचा पिळवेना. कुलपात किल्ली फिरविताच कोपरात कळ निघे. गाईची धार काढावयास धाकट्या भावास बोलवावे लागे. स्टेरॉइडची सुई टोचून घेतली, आराम वाटला, आम्ही पुन्हा बागेत गेलो. आणि दुखणे दुपटीने उलटले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगातही, ही सुई घेतलेल्यांपैकी ५४ टक्के रोग्यांचे दुखणे वर्षात उलटले. नुसते खारे पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

म्हणून आमचे मत असे की, प्रथम सुधारणा कामाच्या रीतीत व्हावी. कात्रीस व विळ्यास नित्य धार असावी. मूठ बारीक असल्यास चिंधी गुंडाळून ती हातात भरेल अशी करावी. एकच काम दिवसभर न करता मधून मधून बदलावे. ओझे उचलताना तळहात वर व कोपर अंगालगत ठेवावे. हात अगदी निजवूनही ठेवू नये. जाणत्याकडून शिकून हलके वजन सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करावा. बहुतेकांचा हात वर्षभरात सुधारतो. मात्र मुंग्या, सूज वा ताप असल्यास डॉक्टरांस दाखविण्यास विलंब करू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य वाटते. आम्हांस विसावा घेता आला, कारण बाग आमची होती. उक्त्यावर छाटणी करणाऱ्या मजुराने हात थांबविला की त्याची मजुरी बुडते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतो; खांदा सुजलेला बैल जुवाखाली घालणे आपणांस पाप वाटते. मग आपल्या बोथट कात्रीचा दंड मजुराच्या कोपराने का भरावा? बागाइतदाराने धारदार कात्र्या पुरवाव्या, व दुखऱ्या हातास काड्या वेचण्यासारखे हलके काम त्याच मजुरीत द्यावे. बैलास जे आपण देतो, ते माणसास नाकारू नये.