आठ काळपट हँडल

गेल्या महिन्यात नव्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉल्या बसवल्या. त्यांना लागणारी चोवीस हँडल माझ्या मामेभावाने भेट म्हणून पाठवली. दादाची भोसरीला प्लेटिंगची शेड आहे. दारांची हँडल, पडद्यांचे ब्रॅकेट, टॉवेल रॉड असला माल बाहेरून येतो, त्यावर हे लोक निकेल आणि क्रोम चढवून देतात. म्हणजे हँडल घरचीच म्हणायची. फुकटची, आणि तरीही मी खोड काढली.

झालं असं की सुताराने हँडल लावली आणि संध्याकाळी ट्यूबलाईट लावल्यावर लक्षात आलं, सोळा हँडल निळसर चकचकीत दिसतायत आणि आठ किंचित काळपट. अगदी किंचित. पण एकदा दिसलं की दिसतच राहतं ना! (आपली जमात तशीही पेशानेच एका पिक्सेलवरून भांडणारी.) फोटो काढून दादाला पाठवला, "हँडल एकदम मस्त, पण आठ जरा डल वाटतायत. बदलून मिळतील का?"

दोन मिनिटांत फोन. "तू पण शेवटी गिऱ्हाईकच निघालास की रे! शनिवारी शेडवर ये, दाखवतो काय ते."

गेलो. आणि त्या शनिवारपासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून टाकतो.

आधी थोडी शाळा. नळ, हँडल, बाईकचा सायलेन्सर यावर आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो, ती बरीचशी खालच्या निकेलची असते. आधी बफिंग करून जॉब गुळगुळीत करायचा, मग त्यावर निकेलचा थर द्यायचा आणि सगळ्यात वर क्रोमियमचा एक पातळ थर. किती पातळ? साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हिशोब करा. पण हा नखाएवढासुद्धा नसलेला थर निकेलला पिवळं पडू देत नाही, ओरखडे येऊ देत नाही आणि तो निळसर थंडपणा देतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॉलिन फिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र कारखान्यात चालेल असं बसवलं आणि तेव्हापासून जगाने "नवीन वस्तू" म्हणजे अशीच दिसते हे मनात पक्कं करून टाकलं.

दादाच्या शेडमधली मोठी टाकी याच जुन्या पद्धतीची. आतलं पाणी गडद विटकरी. एका लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं सल्फ्युरिक ॲसिड. यातलं क्रोमियम असतं हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं. आता यातली गोम बघा. या टाकीत सोडलेल्या विजेपैकी फार तर १० ते २० टक्के वीज क्रोमियम चढवण्यात खर्च होते. बाकीची बरीचशी पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते. त्या हायड्रोजनचे बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना क्रोमिक ॲसिडचं धुकं हवेत उडवतात. टाकीवर वाकून जिग लावणारा माणूस ते श्वासाबरोबर आत घेतो. हेक्साव्हॅलंट क्रोमियमने माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. 'एरिन ब्रॉकोविच' पाहिला असेल तर त्यातलं पाण्यात उतरलेलं विष हेच.

आणि एक गोष्ट मला शनिवारी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळली.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मामाकडे असायचो. दुपारी जेवून मामा आडवा झाला की त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. घोरणं नव्हे, शिट्टी. आम्ही तोंडावर उशा दाबून हसायचो. मामाही कधी कधी जागा असताना मुद्दाम वाजवून दाखवायचा आणि आम्ही लोळायचो. शेड तेव्हा मामाच चालवायचा, टाकीवर स्वतः उभा राहून.

दादा म्हणाला, "बाबांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे. क्रोमवाल्यांना पडतं. जुन्या कामगारांत विचार, प्रत्येकाला माहितीये. शिट्टी त्याची वाजते."

मला पुढे काही बोलताच आलं नाही.

त्या विटकरी टाकीच्या शेजारी दुसरी एक छोटी टाकी आहे. तिच्यातलं पाणी हिरवट. हे ट्रायव्हॅलंट, म्हणजे तीन संयुजेचं क्रोमियम. यातून तो कॅन्सरवाला धूर उडत नाही. टाकीत क्रोमियमही पुष्कळ कमी लागतं, त्यामुळे जॉबबरोबर निथळून वाया जाणारा मालही कमी. सांडपाण्याचंही एक काम वाचतं. जुन्या टाकीचं पाणी सोडण्याआधी त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट टाकून सहाचं तीन करावं लागतं आणि मग चुना घालून गाळ खाली बसवावा लागतो. इथे पहिली पायरी लागतच नाही, कारण मुळातच तीन आहे. माझी ती आठ काळपट हँडल या टाकीतली.

मला वाटलं, काहीतरी अगदी ताजा शोध असेल. दादा हसला. सजावटी कामासाठी ट्रायव्हॅलंट क्रोम १९७० च्या दशकापासून बाजारात आहे! म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून. पन्नास वर्षं हातात असलेली गोष्ट, आणि तरी दादाच्या शेडमधली मोठी टाकी अजून विटकरीच. का? तर दादाच्या मोठ्या पार्टीने ट्रायलचा पहिला लॉट परत पाठवला. शेरा एकच, "शेड मॅच होत नाही." त्यांच्याकडे एक जुना मास्टर नमुना आहे, प्रत्येक लॉट त्याच्या शेजारी धरून बघतात. मी ट्यूबलाईटखाली बघितलं, त्यांनी इन्स्पेक्शन टेबलवर. फरक एवढाच.

आता कुणी म्हणेल, टाकी बदलण्यापेक्षा धूर बंद करा की. केलं ना तेही. टाकीवर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवले, बाजूला एक्झॉस्ट बसवले आणि पाण्यात फेस आणणारी रसायनं घातली, म्हणजे बुडबुडा हळू फुटतो. त्या फेसासाठी जगभर जे रसायन गाजलं ते पीएफओएस. निसर्गात ते जवळजवळ विघटितच होत नाही, शरीरात साठतं, म्हणून २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचंही नाव गेलं. एका विषावर पॅच मारला आणि पॅचमधून दुसरं विष निघालं. आपल्यापैकी कोणाला ही गोष्ट ओळखीची वाटली नाही तर नवल :)

तर आता माझा मुद्दा. नवे शोध हळूहळूच रुजतात, उद्योग नाखूश असतो वगैरे सगळे म्हणतात. पण याच धंद्यातलं दुसरं एक उदाहरण घ्या.

जुन्या पीसीचे, स्कूटरचे ते सोनेरी पिवळे, इंद्रधनुषी छटा मारणारे स्क्रू आठवतात? त्यावर जस्ताचा थर आणि जस्ताला गंज लागू नये म्हणून क्रोमियमचं पॅसिव्हेशन. तो पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, आणि तो स्क्रूवरच राहायचा. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर 'रोह्स' नियम लावला, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियमला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. मोटारींच्या नियमानेही २००७ साली तेच केलं. आणि काय आश्चर्य, जगभरचे पॅसिव्हेशनवाले बघता बघता ट्रायव्हॅलंटवर आले. भोसरी-चाकणवालेसुद्धा, कारण माल तिकडच्या गाड्यांना जायचा. ट्रायव्हॅलंटचा रंग पांढरट-निळसर येतो, तर ज्यांना पिवळाच हवा त्यांच्यासाठी वरून चक्क पिवळा डाय घालायची सोय निघाली. म्हणजे बिनविषारी थराला विषारी दिसण्यासाठी मेकअप! पण बदल झाला.

मग हँडलवर तो नियम का चालला नाही? कारण हँडलवर पोचलेलं क्रोमियम हे शुद्ध धातूच्या रूपात असतं. ते निरुपद्रवी आहे, चाटलंत तरी काही होणार नाही. 'रोह्स'ची तपासणी तयार वस्तूची होते, आणि तयार वस्तू निर्दोष आहे. विष टाकीत राहिलं, शेडमध्ये राहिलं, मामाच्या नाकात राहिलं.

मला तर यातून एकच अर्थ दिसतो. विष गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचत होतं तिथे शोध काही वर्षांत अंगवळणी पडला. विष कामगारापाशी थांबत होतं तिथे तोच शोध पन्नास वर्षं कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत बसून राहिला. रसायनशास्त्र दोन्हीकडे तयार होतं. अडलं ते कोणाचं दुखतंय यावर.

टाकीचा विचार करणारे कायदे उशिरा आले. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमिक ॲसिड खास परवानगीशिवाय वापरता येईना (आणि परवानगी मागणाऱ्यांची रांग लागली). कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ठरवलं की सजावटी कामातलं हेक्साव्हॅलंट २०२७ पासून बंद, काही अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत, आणि जाड थराच्या हार्ड क्रोमला २०३९ पर्यंत. भोसरीत दादाला अजून कोणीही टाकी बदल म्हणून सांगितलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर दादा मला शेडमध्ये घेणार नाही. हिरवी टाकी लाडावलेली आहे. विटकरी टाकी सोशिक, थोडं लोखंड-तांबं पाण्यात उतरलं तरी चालवून घेते. हिरवीत तेवढ्याने रंग बिघडतो. केमिकल महाग, रोज मोजमाप, आणि हाताखालच्या पोरांना नव्याने शिकवणं. शिवाय हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर असतो तसा जाड, कठीण थर हवा असेल तर ट्रायव्हॅलंट अजून सहज पुरत नाही. तिथे टंगस्टन कार्बाईडची भुकटी प्रचंड वेगाने फवारणारी एचव्हीओएफ पद्धत आहे, विमानांच्या लँडिंग गिअरवर ती वापरतातही, पण ते यंत्र छोट्या शेडच्या आवाक्यात नाही. आणि खालचं निकेल दोन्हीकडे तेच आहे, त्याचं सांडपाणी कुठे जाणार नाही. म्हणजे हिरवी टाकी म्हणजे गंगाजल नव्हे. मान्य.

पण किचनच्या हँडलला यातलं काहीच लागू नाही. तिथे अडचण एकच आहे, आपला डोळा.

आपल्या धंद्यात एक जगप्रसिद्ध रिक्वायरमेंट असते, "नवीन सिस्टीम हुबेहूब जुन्यासारखी दिसली पाहिजे." आपण वैतागतो, चहाच्या टपरीवर क्लायंटला शिव्या घालतो. त्या पार्टीचा मास्टर नमुना म्हणजे तीच रिक्वायरमेंट. थराने काय करायला हवं ते मोजता येतं. ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३५ अंश तापमान, इतके तास गंज नको, अशी चाचणी सगळ्या जगात चालते आणि दादाच्या मालाचीही होते. हिरव्या टाकीतला लॉट त्यात पास होता. नापास झाला तो "पूर्वीसारखा नाही" या एका ओळीवर. ती ओळ कागदावरून काढायला पैसा लागत नाही. पार्टीचा खरेदी अधिकारी माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच शिकलेला, कदाचित माझ्याच सोसायटीत राहणारा असेल. तुमच्यापैकीही कोणी असेल. असाल तर एवढं करा, पुढच्या वेळी शेडवर सही करण्याआधी टाकी कोणती ते विचारा.

आठ हँडल मी बदलून घेतली नाहीत. उलट सुताराला परत बोलावून ती गॅसखालच्या ट्रॉल्यांना, अगदी समोर लावून घेतली. बायकोला कारण सांगितलं, तिला पटलं.

परवा रविवारी मामा-मामी जेवायला आले होते. मामाने किचनमध्ये शिरल्या शिरल्या एका हँडलवरून अंगठा फिरवला, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "ही हिरव्या टाकीतली ना रे?" चाळीस वर्षांचा डोळा, त्याला काय सांगायचं! म्हटलं, "हो. मुद्दामच ठेवलीयेत. काळपट वाटतात का?"

"थोडी," मामा म्हणाला, "होईल सवय."

जेवण झाल्यावर तो हॉलमध्ये दिवाणावर आडवा झाला. थोड्या वेळाने शिट्टी सुरू झाली. माझी मुलगी हसत हसत मला सांगायला आली.